किती पीएसआय सेफ?

शुक्रवारी लंचनंतर कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. टीममधला सगळ्यात ज्युनिअर मुलगा हळूच शेजारी येऊन बसला. रजा मागणार बहुतेक, असं मनात येतंय तोवर त्याने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर चकचकीत टर्बोचा फोटो. "दादा, बोनसमधून हा मोठा टर्बो बसवतोय. फक्त एवढंच सांग, बूस्ट किती पीएसआय ठेवला तर सेफ?"

चहा तसाच राहिला. २०११ साली मी शब्दशः हाच प्रश्न एका गॅरेजमध्ये विचारला होता.

तेव्हा माझ्याकडे सेकंड-हॅन्ड ऑक्टेव्हिया होती, १.८ टर्बो पेट्रोल. जुन्या टर्बोवर गाडी १५ पीएसआयला मस्त पळायची. मोठा टर्बो बसवला आणि गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, १५च ठेवू. आधी चालत होतं, आताही चालेल." मलाही पटलं. आकडा तोच, मग रिस्क कसली?

गोची इथेच आहे. पीएसआय म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब, इंजिनात जाणाऱ्या हवेचं वजन नाही. टाकीची उंची तीच ठेवून अर्ध्या इंचाच्या जागी एक इंचाचा पाईप टाकला, तर बादली लवकर भरते की नाही? साधारण तसंच. छोटा टर्बो जोर लावून हवा दाबतो आणि ती भयंकर तापवतो. मोठा टर्बो तोच दाब कमी तापवून देतो, शिवाय त्याच्यातून एक्झॉस्टही मोकळा बाहेर पडतो. गार हवा जास्त दाट, म्हणजे त्याच १५ पीएसआयला इंजिनात जास्त हवा. जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं. माझे इंजेक्टर मात्र जुनेच होते. टॉपला ते जवळजवळ सतत उघडे राहूनही पेट्रोल कमी पडत होतं.

दोन आठवडे मी हवेत होतो. मग मे महिन्यात आईला घेऊन मुंबईहून पुण्याला निघालो. एक्स्प्रेस वेचा घाट, एसी फुल्ल, पुढे ट्रक. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे वाजावेत तसा आवाज आला, दोनच सेकंद. मग आरशात निळा धूर. ज्वालेची वाट न बघता सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटत होतं. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिन उघडल्यावर दिसलं, की एका पिस्टनच्या रिंगांमधली भिंतच तुटली होती.

टो-व्हॅन यायला दोन तास लागले. आई कठड्यापलीकडे बॅगेवर बसून होती, शेजारून ट्रक धडधडत जात होते. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "एवढं काय घाईचं होतं रे?" इंजिनाचं बिल टर्बोपेक्षा मोठं आलं. ते फिटलं, पण तो प्रश्न अजून फिटलेला नाही.

तेव्हा दोस्तांनो, सेफ बूस्टचा आकडा कुणाला विचारून मिळत नाही, तो आपल्याच गाडीवर मोजून काढावा लागतो. सुरुवात वेस्टगेटच्या स्प्रिंगपासून. बूस्ट कंट्रोलर बंद ठेवून स्प्रिंग जेवढा देते तेवढ्याच बूस्टवर आधी गाडी चालवायची. तिथेच आरपीएमबरोबर बूस्ट आपोआप चढत गेला, तर वेस्टगेट एक्झॉस्टला पुरत नाही. आधी ते दुरुस्त करा, बाकी नंतर.

मग पेट्रोल. मोठे इंजेक्टर, दमदार पंप, नवं ट्यूनिंग आणि वाइडबँड सेन्सर, हे टर्बोच्या बजेटमध्येच धरा. पेट्रोल इंजिनात फुल्ल बूस्टला हवा-इंधनाचं प्रमाण साडेअकरा ते बाराच्या आसपास आणि इंजेक्टर ८०-८५ टक्क्यांच्या आत असले, की पुढचं पाऊल टाकायचं. एका वेळी एक-दोन पीएसआय. दर वेळी नॉक आणि इनटेकचं तापमान लॅपटॉपवर बघायचं. हे डायनोवर करा, रस्त्यावर नाही.

थांबायचं कुठे? नॉक दिसला आणि ईसीयू टायमिंग मागे घेऊ लागला, की तिथे. किंवा बूस्ट वाढवूनही ताकद वाढेना, की तिथे. तेव्हा टर्बो नुसता हीटर झालेला असतो. ३० अंशांची हवा १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआयला दाबली, की इंटरकूलरच्या आधी ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाऊ शकते! त्या हद्दीपासून दोन पीएसआय खाली या. ते दोन पीएसआय मे महिन्यासाठी, घाटासाठी आणि एखाद्या पंपावरच्या भिकार पेट्रोलसाठी. त्याच्या थोडं वर फ्युएल कट लावून ठेवा. आणि एवढं करूनही कनेक्टिंग रॉड कंपनीचेच असतात, हे विसरू नका. कमी आरपीएमला एकदम टॉर्क आला तर नॉक न होताही ते वाकतात.

आणखी एक, कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर कडक बंधनं आहेत आणि इन्शुरन्सवालेही प्रश्न विचारतात. आधी चौकशी, मग पाना.

हे सगळं ऐकून आमचा ज्युनिअर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे बोनस पुरणार नाही." मी म्हटलं, "मग पुढच्या बोनसपर्यंत थांब. टर्बो कुठे पळून जातोय?"

काल त्याचा मेसेज आला. टर्बो अजून घेतला नाहीये. आधी वाइडबँड घेतलाय. पोरगं माझ्यापेक्षा हुशार आहे!