तिच्या नावाचा प्याला

सवाष्णीला मानाने घरी बोलवायचे, तिची ओटी भरायची, आणि पंगत बसायची वेळ झाली की म्हणायचे, "बाई, आता आपण निघावे!" असा पाहुणचार आपल्यापैकी कोणी करील काय? न्यूयॉर्कच्या शेरलॉक होम्सभक्तांनी तो वर्षानुवर्षे केला आणि त्याला परंपरा असे भारदस्त नाव दिले.

'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' हे त्या मंडळाचे नाव. ख्रिस्तोफर मॉर्ले या लेखकाने ते १९३४ साली काढले. दर जानेवारीत मेजवानी, आणि पहिला प्याला 'त्या स्त्री'च्या, म्हणजे आयरीन ॲडलरच्या नावाने. १८९१ सालच्या कथेतली ही बाई पुरुषवेषात होम्सच्या दारावरून जाते, त्यालाच शुभरात्री म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तो पोचतो तो पाखरू उडालेले! तिच्या नावाने एका हयात बाईला बोलवायचे, प्याला उंचवायचा, आणि जेवणाआधी तिची बोळवण करायची. १९४१ साली रेक्स स्टाउट यांनी वॉटसन हा मुळी बाईच होता, असे याच मंडळींपुढे गमतीने सिद्ध केले. कागदावरची बाई चालते हो. जेवायला बसणारी चालत नाही.

कोणी म्हणेल, खाजगी मंडळ आहे, कोणाला बोलवायचे ते त्यांनी ठरवावे. कबूल. मग परीक्षा तरी घेऊ नये! १९३४ साली होम्सवरचे एक शब्दकोडे छापून ते सोडवणाऱ्याला सभासद करण्याचे यांनीच ठरवले. कॅथरीन मॅकमहन या बाईंनी ते सोडवले. उत्तरे बरोबर होती. आमंत्रण काही आले नाही. १९३० पासून नभोवाणीवरून होम्सला अमेरिकेच्या घराघरांत नेले ते ईडिथ मायझर यांच्या लेखणीने. त्याही बाहेरच.

१९६८ च्या जानेवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, न्यू हेवनच्या एका महिला कॉलेजातल्या मुली फलक घेऊन मेजवानीच्या दारात उभ्या राहिल्या. दार उघडले नाही. त्यांनी स्वतःचे मंडळ चालवले आणि आपला अभ्यास वाढवला. अखेर १९९१ साली डॉयलसाहेबांची कन्या डेम जीन, त्या मुलींपैकी एव्हलिन हर्झोग, मायझरबाई आणि आणखी काहीजणींना सभासदत्व मिळाले.

यावर 'बदल हळूहळूच होतात' असे समजुतीच्या सुरात सांगणारे शहाणे भेटतात. लंडनचे होम्समंडळ १९५१ साली निघाले ते पहिल्यापासून बायकांना घेऊन. तिथे कोणाच्या पाइपचा धूर कमी झाला नाही. न्यूयॉर्कला घाई नव्हती, कारण ताटकळत दुसरेच कोणी उभे होते. १९९१ च्या त्या नव्या सभासदांत कॅथरीन मॅकमहनही होत्या. कोडे सोडवून त्यांना सत्तावन्न वर्षे झाली होती.