आपत्तीनंतरची मोजपट्टी

प्रत्येक महापूर वा भूकंपानंतर व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास उच्चारले जाते : निसर्ग जात पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला हे वाक्य नेहमीच अर्धवट वाटत आले आहे. निसर्ग पाहत नसेल. पण त्याच्या मागोमाग मोजणीची वही घेऊन जो येतो, तो काय पाहतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. शासकीय नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे वजनदार माळवद कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. गवती छपराच्या झोपड्यांतली माणसे तुलनेने अधिक वाचली. म्हणजे मृत्यूने येथे दारिद्र्यावर रोख धरला नव्हता. पुनर्वसनाची पाळी आली तेव्हा मात्र स्थलांतरित गावांत घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. अनेक भूमिहीनांना आयुष्यात प्रथमच पक्के घर मिळाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मोठ्या शेतकऱ्याला धान्य-अवजारांसाठी जागा लागते, हा युक्तिवादही मला मान्य आहे. त्यासाठी कोठार द्यावे. झोपायला माणसाला लागणारी जागा सातबारा पाहून वाढत नाही. या मोजपट्टीवर जातीचे नाव नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे गावाला शासननिर्णयाने सांगावे लागत नाही.

अकरा वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. सर्वाधिक हानी नागपट्टिनम जिल्ह्यात झाली. नाव आणि जाळे गमावलेल्यांची नोंद झाली, ती योग्यच होती. परंतु मासळी वाहणारा, मिठागरात राबणारा, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारा दलित काय गमावल्याचे दाखवणार? त्याच्याकडे नाव नव्हती, म्हणून नुकसानही नव्हते! काही ठिकाणी दलितांना निवाऱ्यांत इतरांसोबत राहू दिले गेले नाही, पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवले गेले. प्रेते उचलण्यासाठी मात्र इतर नगरांतून सफाई कामगार आणले गेले. तेथे त्यांची जात कोणाच्या आड आली नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे लोटली होती.

पुढच्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ६१ नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. कलम उत्तम आहे, पण ते उघड नकाराला रोखते. पंचनाम्याच्या रकान्यांना रोखत नाही. रकाने विचारतात : जमीन किती, जनावरे किती, घर कोणाच्या नावे? बुडालेल्या मजुरीला त्यांत जागा नसेल आणि गायरानावरील झोपडीला उतारा नसेल, तर भेदभाव न करताही माणूस वगळला जातो.

आपल्या विद्यालयाचे कितीतरी माजी विद्यार्थी आज तलाठी, ग्रामसेवक, अभियंते आहेत. त्यांच्याकडे एका शिक्षकाचे मागणे आहे. पुढच्या वेळी पंचनाम्याला निघाल तेव्हा सुरुवात गावाच्या शेवटच्या वस्तीपासून करा. ज्याच्यापाशी कागद नाही त्याचेही नाव लिहा, किती दिवसांची मजुरी बुडाली ते विचारा. छापील रकाना नसेल, तर शेरा लिहिण्यापुरती जागा प्रत्येक कागदावर असते.