पदविका हाती आली. नोंद कोण तपासणार?

संगणकाचे शिक्षण घेतले म्हणजे नेमके काय शिकले, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. प्रमाणपत्र आहे की नाही, एवढेच विचारले जाते. जाहिरातीत मागितले आहे म्हणून विद्यार्थी वर्गात नाव घालतो, परीक्षेत विचारतात म्हणून व्याख्या पाठ करतो, आणि प्रमाणपत्र फायलीत लावले की तो विषय त्याच्यापुरता संपतो. माझे म्हणणे असे की, संगणक-उपयोजनाच्या या छोट्या अभ्यासक्रमांत सर्वांत मोलाचा विषय डेटाबेस, म्हणजे नोंदी ठेवण्याचे शास्त्र, हा आहे. आणि नेमका तोच आपण सर्वांत वरवर शिकतो व शिकवतो. याचे दुष्परिणाम परीक्षेच्या निकालात दिसत नाहीत, ते पुढे दुसऱ्याच कोणाला तरी भोगावे लागतात.

उदाहरणादाखल मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे पीथमपूर घेऊ. इंदूर आणि महू यांच्या जवळचे हे गाव १९८०च्या दशकात औद्योगिक क्षेत्र म्हणून वाढले. १९८६ साली येथे आयशरचा हलक्या मालमोटारींचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आगेमागे वाहने आणि वाहनांचे सुटे भाग करणारे अनेक कारखाने आले. २०२१ मध्ये वाहनचाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्गही येथे खुला झाला. अशा ठिकाणी बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला सहज परवडणारे शिक्षण म्हणजे डी.सी.ए., आणि पदवीधराला पी.जी.डी.सी.ए. गंमत अशी की मध्य प्रदेशात गावोगावच्या केंद्रांतून या पदविका देणारे एक मोठे विद्यापीठ मुळात पत्रकारितेचे आहे : १९९० साली स्थापन झालेले भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ. नाव कोणतेही असो, काम हे सामुदायिक महाविद्यालयाचेच आहे. घराजवळ, थोड्या खर्चात, आसपासच्या कामधंद्याला उपयोगी पडेल असे शिक्षण देणे, हीच त्या महाविद्यालयामागची कल्पना. पदविकेच्या जोडीला सरकारी नोकरीसाठी सी.पी.सी.टी. ही परीक्षा असते. तीत संगणकाचे ज्ञान आणि टंकलेखनाचा वेग पाहिला जातो. तेव्हा वर्गातील बहुतेकांचे लक्ष वेगाकडे लागते, यात नवल नाही. पण बोटे वेगाने चालली म्हणजे नोंद बरोबर होतेच, असे थोडेच आहे?

डेटाबेस हा विषय पीथमपूरला परका वाटण्याचे काहीच कारण नाही. त्याचा जन्मच मुळी सुट्या भागांच्या हिशेबातून झाला. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवायचे ठरवले, तेव्हा अग्निबाण आणि यान यांच्या असंख्य भागांची यादी सांभाळणे हे मोठेच संकट होऊन बसले. एका भागात दहा भाग, त्या प्रत्येकात आणखी वीस. या यादीसाठी १९६०च्या दशकात आय.बी.एम.ने आय.एम.एस. ही प्रणाली तयार केली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती, वरून खाली उतरत जाणारी. पण तोच बोल्ट चार ठिकाणी लागत असला तर? आणि कोणत्या यंत्रात कोणता बोल्ट आहे हे विचारायचे नसून, हा बोल्ट कोणकोणत्या यंत्रांत आहे असे उलट विचारायचे असले तर? तेथे वंशवृक्ष अडतो. त्याच आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली यावर उपाय मांडला. सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक वस्तूला एक खूण द्या, आणि त्या खुणेने तक्ते एकमेकांना जोडा. मग प्रश्न कोणत्याही बाजूने विचारता येतो. हा प्रश्न विचारण्याची भाषा १९७४ मध्ये चेंबर्लिन आणि बॉइस यांनी मांडली. तीच आजची एस.क्यू.एल. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बिन कार्ड भरणारा कामगार रोज याच प्रश्नाशी झुंजत असतो. संध्याकाळच्या वर्गात तो येऊन बसला, तर त्याला ‘रिलेशन’ची इंग्रजी व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा त्याच्याच बिन कार्डाचा तक्ता फळ्यावर मांडावा, हे शिक्षकाला का सुचू नये?

मराठी माणसाला तर ही विद्या नवीन नाहीच. आपल्या दुकानदारांची कीर्द तारखेने चालते आणि खतावणी खातेदाराच्या नावाने. व्यवहार एकच, तो पाहण्याच्या रीती दोन. जमिनीच्या कागदांतही हेच दिसते. महाराष्ट्रात सातबारा गट क्रमांकावरून निघतो आणि आठ-अ खातेदारावरून. धारकडे तेच काम खसरा आणि बी-१ खतौनी करतात. फरक इतकाच की, कागदावर एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि दोन ठिकाणी लिहिलेले कधी ना कधी जुळत नाही. डेटाबेसचा पहिला धडा असा की, गोष्ट एकदाच लिहा आणि हवी तितक्या रीतींनी पाहा. ‘नॉर्मलायझेशन’ हा शब्द ऐकून विद्यार्थी घाबरतो. त्या शब्दामागे एवढेच व्यवहारज्ञान आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती यंत्राची नाही, नावांची आहे. धार आणि देवास येथील राजघराण्याचे आडनाव कोणी पवार लिहितो, कोणी पुआर, कोणी पंवार. रोमन लिपीत त्याची आणखी रूपे होतात. देवास या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदत होती. तेव्हा ‘देवास संस्थान’ एवढेच लिहिले, तर ते कोणते, हे कळत नसे. त्याच देवासात १९४८ पासून राहिलेले थोर गायक कुमार गंधर्व हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. माणूस एक, नावे दोन, आणि घराची भाषा कन्नड. आमच्या या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ते सारखेच जवळचे. पण नावावरून शोधणाऱ्या यंत्राला हे दोघे निरनिराळे गृहस्थ वाटतील. म्हणून नाव ही ओळखीची खूण होऊ शकत नाही, वेगळा क्रमांकच हवा, हे तत्त्व डेटाबेसच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात दिलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि नोकरीवर गेल्यावर विसरतो.

विसरले तर काय बिघडते? मध्य प्रदेशात ‘समग्र’ नावाची नोंद आहे. तीत कुटुंबाला आठ अंकी आणि व्यक्तीला नऊ अंकी क्रमांक असतो. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की कुटुंबाचा क्रमांक बदलायचा, व्यक्तीचा तोच राहायचा. पण आपल्या मराठी घरांतील चाल आठवा. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरेच. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना योजना आली, त्याच वर्षी कर्नाटकात गृहलक्ष्मी, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण. तिन्हींचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात. या साखळीत कोठे एक अक्षर चुकले, तर खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बाईला ‘नाव जुळत नाही’ एवढेच उत्तर मिळते. ती मजुरी बुडवून पुन्हा येते, पुन्हा परत जाते. खिडकीच्या आत बसलेला असतो तो आपलाच पदविकाधारक. त्याने टंकलेखनाचा वेग कमावलेला असतो, पण चूक कोणत्या तक्त्यात आहे, ती कोणी दुरुस्त करायची, आणि एक दुरुस्ती केल्याने दुसरीकडे काय बिघडेल, हे शोधण्याची दृष्टी त्याला कोणी दिलेली नसते. मग तो यंत्राकडे बोट दाखवतो. यंत्र बिचारे काय बोलणार!

धार जिल्ह्याला या बाबतीत एक जुना वारसा आहे, आणि त्याची आठवण आज फारशी काढली जात नाही. १ जानेवारी २००० रोजी या जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ हा प्रकल्प सुरू झाला. खेड्यांतील सूचनालयांत संगणक बसवले गेले, ते जिल्ह्याच्या ठिकाणाशी टेलिफोनच्या तारेने जोडले गेले, आणि बाजार समितीचे भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, दाखल्यांसाठीचे अर्ज, तक्रारी या गोष्टी थोड्या शुल्कात शेतकऱ्याला मिळू लागल्या. सूचनालय चालवणारा ‘सूचक’ हा गावातलाच शिकलेला तरुण असे. त्याला सरकारी पगार नव्हता, शुल्कातूनच त्याची कमाई. त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मात्र वीज आणि टेलिफोन यांनी दगा दिला, वापर ओसरला. त्याच सुमारास कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे दोन कोटी पहाणी-उतारे संगणकावर आणले आणि हाताने लिहिलेला उतारा अग्राह्य ठरवला. हे दोन प्रयत्न शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. भूमीने आधी नोंद पक्की केली, खिडकी नंतर उघडली. ज्ञानदूतने खिडकी धाडसाने खेड्यात नेली, पण तिच्या मागचा दफ्तरखाना तितका तयार नव्हता. खिडकी कितीही देखणी असली, तरी आतले दफ्तर पक्के हवे. आणि दफ्तर पक्के करणारी माणसे अशाच छोट्या वर्गांतून यायची आहेत.

लिपीचाही प्रश्न याच पोटात आहे. मध्य प्रदेशात कित्येक वर्षे कृतिदेव या फॉण्टात टंकन झाले, महाराष्ट्रात श्रीलिपीत. कृतिदेवात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या पोटात साठतो तो रोमन ‘डी’. अशा नोंदींचा अकारविल्हे क्रम लागत नाही, शोध घेता येत नाही, आणि दुसऱ्या यंत्रावर फॉण्ट नसला की सगळा मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. युनिकोडने हा प्रश्न सोडवला. तरी जुन्या सवयीने आजही कोठे कोठे तसेच टंकन चालते. देवनागरी असो वा कन्नड, आपल्या लिपीतील नोंद शंभर वर्षे टिकावी असे वाटत असेल, तर ती कशी साठते हे विद्यार्थ्याला ठाऊक हवे.

यावर तीन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा की, नोकरी इंग्रजीवर मिळते, मग मातृभाषेत शिकवून काय उपयोग? इंग्रजी संज्ञा शिकवाव्यातच. पण कल्पना आधी आपल्या भाषेत समजावी. खतावणी कळलेल्याला ‘इंडेक्स’ कळायला वेळ लागत नाही. उलट क्रमाने गेले, तर दोन्ही हातचे जातात. दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा : अभ्यासक्रम संपवायचा कधी? तर माझे म्हणणे, चार प्रकरणे घाईने संपवण्यापेक्षा एक तक्ता नीट बांधलेला बरा. तिसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एस.क्यू.एल. लिहून देते, मग हे शिकायचेच कशाला? ती लिहून देते हे खरे. पण एकाच गल्लीतले दोन ‘रमेश पवार’ हे एकच गृहस्थ की चुलतभाऊ, हे तिला कोण सांगणार? ते गल्लीत जाऊन विचारावे लागते. निव्वळ टंकन करणाऱ्याची नोकरी यंत्र घेईल, हे उघड दिसते आहे. नोंदीचा अर्थ जाणणाऱ्याची गरज मात्र वाढणार आहे. तेव्हा विषय गाळण्याचे नव्हे, तो अधिक खोलात शिकण्याचेच हे कारण आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पोस्टग्रे-एस.क्यू.एल. आणि एस.क्यू.लाइट ही उत्तम साधने फुकट मिळतात, आणि एस.क्यू.लाइट तर आपल्या खिशातील फोनमध्येही आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात आपल्या परिसरातील एका खऱ्या दफ्तराचा आराखडा आधी कागदावर मांडावा. महाविद्यालयाचे ग्रंथालय, दूध संस्था, किराणा दुकान, कारखान्याचे स्टोअर, काहीही चालेल. मात्र लोकांची खासगी माहिती वर्गात आणू नये. बनावट नावे घालून काम भागते. दुसऱ्याचे नाव-गाव हे त्याचे धन आहे, हा धडाही त्यातच मिळतो. कारखान्यातल्या अनुभवी स्टोअरकीपरला महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. पाळीवर काम करणाऱ्यांसाठी वर्गाच्या वेळा बदलत्या ठेवाव्यात. आणि तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी मुद्दाम चुका घातलेला एक तक्ता हातात देऊन, ‘यात काय बिघडले आहे ते शोध’, असे सांगावे.

पीथमपूर येथून दूर आहे, पण तिथला प्रश्न दूरचा नाही. सीमाभागात एकाच माणसाचे नाव मराठीत एक, कन्नडात दुसरे आणि इंग्रजीत तिसरे लिहिले जाते, हे आपण रोज पाहतो. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या अशाच एखाद्या खिडकीच्या आत बसतील. बाहेरच्या माणसाला ‘नाव जुळत नाही’ असे सांगून परत पाठवायचे, की नाव का जुळत नाही ते शोधून काढायचे, हे आपण आज वर्गात काय शिकतो यावर ठरणार आहे.