लष्कराने शांतता आणली म्हणता? मग 38 वर्षे का लागली?

कुठे मोर्चा निघाला, कुठे दगड पडला की आपल्याकडचे शहाणे लगेच सांगू लागतात, "लष्कर बोलवा, दोन दिवसांत सगळे सरळ होतील." या मंडळींना आम्ही उत्तर आयर्लंडचा इतिहास वाचायला सांगतो. तिथे ब्रिटिश लष्कर 14 ऑगस्ट 1969 रोजी डेरी शहरात उतरले. 'ऑपरेशन बॅनर' नावाची ती मोहीम संपली 31 जुलै 2007 रोजी. दोन दिवस नव्हे, 38 वर्षे!

मुळात भांडण कशाचे होते? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या धर्माचे, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. प्रश्न घराचा, नोकरीचा आणि मताचा होता. स्थानिक निवडणुकीत मत घरधारकाला आणि त्याच्या जोडीदाराला. त्या घरात राहणाऱ्या सज्ञान मुलांना किंवा पोटभाडेकरूंना मत नाही. म्हणून कॅथलिकांना नगरपालिकेची घरेच द्यायची नाहीत. घर नाही म्हणून मत नाही, आणि मत मिळू नये म्हणून घर नाही! डेरीत कॅथलिक बहुसंख्य होते, तरी प्रभाग असे कापले होते की सत्ता कायम युनियनिस्टांचीच. ही कारागिरी आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

याविरुद्ध लोक शांततेने रस्त्यावर उतरले. 5 ऑक्टोबर 1968 च्या डेरीतील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तरीही एप्रिल 1969 मध्ये 'एक व्यक्ती, एक मत' ही मागणी तिथल्या सरकारला तत्त्वतः मान्य करावी लागली. लक्षात घ्या, तेव्हा लष्कर आलेही नव्हते. हा हक्क चळवळीने मिळवला.

लष्कर आले तेव्हा कॅथलिक वस्त्यांनी सैनिकांना चहा पाजला. पक्षपाती पोलिसांपासून हे आपल्याला वाचवतील, असे त्यांना वाटले. पण 3 ते 5 जुलै 1970 या काळात बेलफास्टच्या फॉल्स भागात संचारबंदी लावून घरे उचकटली गेली, चार नागरिक मेले. 9 ऑगस्ट 1971 रोजी 342 जणांना खटल्याविना डांबले, आणि तेही फक्त एका बाजूच्या वस्त्यांतून. 30 जानेवारी 1972 रोजी डेरीत नागरी हक्काच्या मोर्चावर गोळीबार झाला. 13 जण त्याच दिवशी गेले, एक जण पुढे दगावला. पहिल्या चौकशीने सैनिकांना सांभाळून घेतले. मृत निर्दोष होते, हे सरकारने मान्य करायला 2010 साल उजाडले.

आम्ही आयआरएची वकिली करत नाही. या संघर्षातील 3,500 हून अधिक मृत्यूंपैकी बहुतेक सशस्त्र गटांनी घडवले आणि त्यात आयआरए सर्वांत पुढे होती. सुमारे 700 सैनिकही मारले गेले. पण तरुण पोरे त्या गटांकडे का वळली? ज्या राज्याने मत नाकारले, त्यानेच बंदूक रोखली, म्हणून. हक्काच्या प्रश्नाला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न ठरवले की बंदुकीचे दुकान तेजीत चालते.

मग शांतता आली कशी? 1998 च्या करारात सत्तेची वाटणी झाली. जनमताने तो स्वीकारला. आणि 2001 पासून पोलीस भरतीत निम्म्या जागा कॅथलिकांसाठी ठेवल्या गेल्या. पोलिसांत जेमतेम 8 टक्के असलेले कॅथलिक दहा वर्षांत सुमारे 30 टक्क्यांवर गेले. होय, आरक्षण! 'गुणवत्ता बुडेल' अशी ओरड तिथेही झाली. पोलीस दल बुडाले नाही. उलट ज्या वस्तीत पोलिसाला शत्रू मानत, तिथली मुले तोच गणवेश घालू लागली.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते की सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. त्यावर उपाय म्हणून त्यांनी लष्कर सुचवले नव्हते. विषमता लवकरात लवकर दूर करा, असे सांगितले होते. आपल्या ईशान्येत सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा कायदा 1958 पासून आहे. तिथेही हाच प्रश्न विचारा: आणखी किती वर्षे?

ज्यांना प्रतिनिधित्व द्यायचे नसते, ते आधी पोलीस पाठवतात आणि मग लष्कर. पुढच्या वेळी कोणी 'लष्कर बोलवा' म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा: त्या लोकांना घर, नोकरी आणि सत्तेत वाटा कधी देणार?