भिंतीवरचा समुद्र

१८७५ साली बांधलेल्या ससून डॉकवर, पहाटे मासळीचा लिलाव ऐन भरात असताना, कलाशाळांतील विद्यार्थी रीतसर परवानगी काढून जी छायाचित्रे टिपतात, त्यांत कौशल्याची वाण क्वचितच असते. परंतु तीच छायाचित्रे वार्षिक प्रदर्शनात चकाकत्या कागदावर छापून, काचेला भिडवून, दिव्यांच्या थेट झोतात दाटीवाटीने टांगली गेली, की प्रेक्षकाला समुद्राऐवजी स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, याचे मला मनस्वी दुःख होते. मुंबईची हवा दमट. म्हणून चित्र व काच यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर राखणे हा शोभेचा नव्हे, रक्षणाचा बंदोबस्त आहे, कारण ओलाव्याने कागदाचा थर काचेला एकदा चिकटला, की तो अक्षत सोडवणे बहुधा अशक्यच. चकाकीविरहित कागद, निर्दोष समतल क्षितिज आणि जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर चित्राचा मध्य, एवढी तजवीज पुरे. निवड मात्र निष्ठुर असावी. सूर्यास्त एकच, फार तर दोन! आणि ज्या कोळिणीचा चेहरा आपण भिंतीवर लावतो, तिची संमती घेऊन तिचे व तिच्या टोपलीतील मासळीचे नाव चित्राखाली लिहावे, आणि उद्घाटनाचे पहिले निमंत्रण तिलाच धाडावे, अशी कलाशाळांच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे.