धमधम नको, शब्द हवेत!

आमच्या वस्तीत दर बुधवारी दुपारी आठ-दहा बायका जमतात. कुणाला वाचता येत नाही, कुणाची नजर अधू झालेली. म्हणून आम्ही पुस्तक ऐकतो. आधी मी वाचून दाखवायचे. माझा घसा बसायला लागला तशी मोबाइलवरची ऑडिओ पुस्तकं सुरू केली. पण मोबाइलचा आवाज मागच्या बायकांपर्यंत पोचेना. मग वर्गणी काढली आणि ब्लूटूथ स्पीकर घ्यायला लेकाला घेऊन दुकानात गेले.

दुकानदाराने एक दणदणीत गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली. ‘‘बेस बघा ताई, बेस!’’ लेक खूश. मला मात्र तो आवाज छातीत आदळल्यासारखा वाटला. पण ‘आईला काय कळतंय यातलं’ असं होईल, म्हणून मी मुकाट्याने पैसे दिले.

बुधवारी कथा लावली. निवेदक रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागलं. दहा मिनिटांत माझं डोकं जड झालं. मला लहानपणापासून ढोलाजवळ उभं राहवत नाही, तेव्हा वाटलं, आपलाच कान नाजूक. कुणाला काही बोलले नाही. तीन-चार आठवडे गेले आणि आमच्यातल्या एक मावशी यायच्या बंद झाल्या. घरी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्ही हसता तेव्हा मी हसते. तो माणूस काय बोलतो, एक शब्द कळत नाही. माझंच वय झालं म्हणायचं.’’

बघा हं, मैत्रिणींनो! मला त्रास होत होता, त्यांना समजत नव्हतं. दोघींनी दोष स्वतःकडे घेतला आणि दोघी गप्प बसलो. दोष होता त्या डब्याचा. खरं म्हणजे, चुकीचा डबा निवडण्याचा.

मग मी जरा माहिती काढली. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ढोलाचा घुमारा, गाण्यातली धमधम ही खालच्या टोकाची. बोलणं समजायला तिची जवळजवळ गरजच नसते. आपला जुना तारेचा टेलिफोन आठवा. तो फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ खर्ज १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो फोनमधून येतच नसे. तरीही वडिलांनी ‘हॅलो’ म्हटलं की आपण ओळखत होतो ना? शब्द कळतो तो स, श, च, त, ट अशा व्यंजनांमुळे, आणि ती बरीचशी वरच्या पट्टीत असतात. वय वाढलं की कान आधी वरच्या पट्टीचेच आवाज ऐकेनासा होतो. त्यात खालचा घुमारा जोरात असला, की तो उरलेल्या बारीक आवाजांनाही झाकून टाकतो. मावशींचं नेमकं हेच झालं होतं.

मग कंपन्या एवढा बेस कशाला घालतात? कारण स्पीकर विकला जातो तो गाण्यावर. छोट्या डब्यातूनही मोठा दणका निघावा म्हणून बऱ्याच स्पीकरना बाजूला एक रबरी पडदा बसवलेला असतो, तो हवेच्या दाबाने हलतो. दुकानाच्या गोंगाटात दोन मिनिटं ते छान वाटतं. घरी तासभर प्रवचन, बातम्या किंवा कादंबरी ऐकायची तर तेच डोक्यात बसतं.

आता सांगते, पुन्हा घ्यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं. दुकानदाराचं गाणं ऐकलंच नाही. बातम्या आणि कथेचा एक भाग मोबाइलमध्ये घेऊन गेले, त्यात एक पुरुषाचा आवाज आणि एक बाईचा. आवाज बारीक ठेवून पाठमोरी उभी राहिले. हळू आवाजातही शब्द सुटे कळतात का, हे पाहिलं. मग स्पीकर टेबलावर ठेवून टेबलाला हात लावला. नुसत्या बोलण्याने टेबल थरथरत असेल तर तो स्पीकर आपल्यासाठी नाही. दहा मिनिटं तरी ऐकलं, कारण डोकं दुखायला तेवढा वेळ लागतोच!

खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’, ‘डीप बेस’ असं लिहिलं असेल तर पहिला प्रश्न विचारा, हे बंद करता येतं का? काहींना बटण असतं. काहींच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असतो, त्यात डावीकडच्या पट्ट्या खाली ओढल्या की घुमारा कमी होतो. वॉट जास्त म्हणजे आवाज स्पष्ट असंही नाही. आणि उलट टोकालाही जाऊ नका. अगदीच स्वस्त, पत्र्यासारखा आवाज असला की प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो. मधला आवाज भरीव हवा, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा. आपल्या आज्या त्यावर तासन्‌तास आकाशवाणी ऐकत, ते उगाच नाही.

घरात स्पीकर आधीच असेल तर लगेच टाकून देऊ नका. तो खोलीच्या कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवला की बेस वाढतो. लोखंडी कपाटावर, पोकळ टेबलावर ठेवला की तेही त्याच्याबरोबर घुमायला लागतं. कोपऱ्यातून पुढे घ्या, खाली जाड चादरीची घडी घाला आणि ऐकणाऱ्याच्या जवळ ठेवा. जवळ असला की आवाज वाढवावा लागत नाही. शेजारणीचेही दुवे मिळतील, कारण खालच्या पट्टीचा आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो. मिरवणुकीत डीजे दोन गल्ल्या लांब असला तरी गाण्याचे शब्द येत नाहीत, धमधम तेवढी येते, ती यामुळेच.

एक मात्र सांगायला हवं. अचानक एका कानाने कमी ऐकू आलं, कानात सतत आवाज यायला लागला किंवा साध्या आवाजांनीही कान दुखायला लागला, तर स्पीकर बदलत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी.

आपल्याकडे बाईने ‘मला हा आवाज सोसवत नाही’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘तुलाच कसा त्रास होतो?’ मिक्सर घेताना आपण भांडं वाजवून बघतो, साडीचा पोत चार वेळा चाचपतो. मग कानाचंच का नाही? आज मराठी पुस्तकं, कीर्तनं, श्रुतिका मोबाइलवर मिळतात. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, त्यांच्यासाठी तर हे मोठंच दार उघडलंय. चुकीच्या डब्यापायी ते बंद होऊ नये. ऐकणार कोण, त्यांचा कान दुकानात न्या, आणि तो नाही म्हणाला तर पैसे पिशवीतून काढू नका.

नवा स्पीकर घेतला तो मावशींना सोबत नेऊनच. बुधवारी त्या पहिल्या रांगेत बसल्या. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘आला बाई एकदाचा तो माणूस रांजणातून बाहेर!’’ त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या.