वैयावृत्त्य करणाऱ्यांचे वैयावृत्त्य

तप म्हटले की उपवास, एकासन, आयंबिल, मासक्षमण हीच व्रते डोळ्यांसमोर येतात. तपस्व्यांचा सत्कार होतो, पारण्याला आप्तेष्ट जमतात, अनुमोदनेचे फलक लागतात. हे उचितच आहे. परंतु आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उपवासाची गणना बाह्य तपात केली आहे आणि आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगताना प्रायश्चित्त व विनय यांच्या पाठोपाठ वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. वैयावृत्त्यास पात्र अशा दहा जणांच्या यादीत आचार्य, उपाध्याय व तपस्वी यांच्या पंक्तीत 'ग्लान' म्हणजे रोगाने पीडित असलेला साधूही बसलेला आहे. इतकेच नव्हे, तर तीर्थंकर नामकर्माच्या बंधास कारणीभूत होणाऱ्या सोळा भावनांमध्येही वैयावृत्त्याचा समावेश आहे. आजाऱ्याची सेवा ही केवळ दया नव्हे. ती आत्मशुद्धीची साधना आहे, असा त्याचा अर्थ.

ही साधना एकेकाळी संघात व घराघरांत होत असे. आज तिचा फार मोठा भाग रुग्णालयात होतो आणि तो परिचारिकेच्या हातून होतो. डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा फेरी मारतात; उरलेल्या सर्व तासांत रुग्णाजवळ असते ती 'सिस्टर'. वेळेवर औषध देणे, सलाईन लावणे, कूस बदलणे, जखम स्वच्छ करणे ही कामे सर्वांना दिसतात. तिचे सर्वांत मोठे काम मात्र सहसा दिसत नाही. ते म्हणजे निरीक्षण. श्वासाची बदललेली गती, ओठांवरची किंचित निळसर छटा, सकाळी नीट बोलणाऱ्या वृद्धाच्या बोलण्यात संध्याकाळी आलेला गोंधळ, या गोष्टी यंत्राआधी तिच्या नजरेत येतात. ती नजर वेळेवर पडली तर डॉक्टर वेळेवर येतात. चुकली तर हाती असलेले काही तास निसटून जातात.

या नजरेचे मोल किती, याचे उत्तर गेल्या काही दशकांतील संशोधनाने दिले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण यांची माहिती तपासली होती. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण अधिक असेल, तर दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत रुग्णाचा मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. चार रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेकडे आठ रुग्ण आले, तर ही वाढ ३१ टक्क्यांपर्यंत जाईल, असे गणित निघाले. त्याच अभ्यासात प्रत्येक वाढीव रुग्णामागे परिचारिका मनाने खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ साली युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही मृत्यूच्या बाबतीत जवळजवळ तोच ७ टक्क्यांचा आकडा पुन्हा समोर आला. रुग्णाचे आयुष्य आणि परिचारिकेचे स्वास्थ्य या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, हे या आकड्यांचे सार होय.

हे कसे घडते, ते समजण्यास साधा भागाकार पुरेसा आहे. समजा, तीस खाटांचा वॉर्ड आहे आणि रात्रपाळीला एकच परिचारिका आहे. एका तासात प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. नोंदी लिहिणे, इंजेक्शने भरणे, नव्या रुग्णाला दाखल करून घेणे हे सर्व त्या दोन मिनिटांतच बसवावयाचे. मग काहीतरी सुटते. अमेरिकेतील संशोधिका बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ साली या 'सुटलेल्या सेवे'चा अभ्यास केला. रुग्णाला चालविणे, कूस बदलणे, वेळेवर भरविणे, मुखशुद्धी व स्वच्छता, घरी जाताना घ्यावयाची काळजी समजावून सांगणे आणि धीराचे दोन शब्द बोलणे, नेमक्या याच गोष्टी वारंवार सुटतात, असे त्यांना आढळले. इंजेक्शन चुकले तर कागदावर दिसते. धीराचा शब्द राहून गेला तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

अशी सेवा रोज अपुरी राहते, तेव्हा सेवा करणाऱ्याच्या अंतरंगातही काही घडते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाच यांनी या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली: भावनांचा झरा आटणे, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे आणि आपल्या हातून काही चांगले घडते हा विश्वास नाहीसा होणे. त्याआधी १९६० साली इझाबेल मेन्झीस यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास करून दाखविले होते की, तेथील परिचारिका रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने व रोगाच्या नावाने ओळखू लागल्या होत्या. हा दुष्टपणा नव्हता. सतत दुःख व मृत्यू पाहणाऱ्या मनाने स्वतःच्या बचावासाठी उभारलेली ती भिंत होती, आणि कामाची वाटणीही त्या भिंतीला आधार देणारीच होती. 'सिस्टर फार तुटक बोलतात', अशी तक्रार करणाऱ्या नातेवाइकांनी ही भिंत कोणत्या विटांनी बांधली गेली, याचाही विचार करावयास हवा.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांमध्ये निर्विचिकित्सा हे एक अंग आहे. रोगी देहाची किळस न करता सेवा करणाऱ्या उद्दायन राजाची कथा त्यासाठी सांगितली जाते. वांती झालेल्या मुनींची सेवा राजाने स्वतःच्या हातांनी केली. ही कथा अनुकरणीय आहेच. मात्र राजासमोर त्या वेळी एकच ग्लान होता. तीस जणांची निर्विचिकित्सा एकाच देहाकडून, तीही रात्रभर आणि रोज, अपेक्षिणे हा त्या कथेचा बोध नव्हे.

याविषयी जैन परंपरेत अतिशय व्यवहार्य विचार झालेला आहे. आचार्य शिवार्यांच्या भगवती आराधनेत सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी अठ्ठेचाळीस निर्यापक मुनींची योजना सांगितली आहे. चार-चार मुनींचे गट करून कामे वाटून दिली आहेत. क्षपकाला उठविणे, बसविणे व कूस बदलण्यास साहाय्य करणे एका गटाकडे, मलमूत्राची व्यवस्था व स्वच्छता दुसऱ्याकडे, धर्मकथा ऐकविणे तिसऱ्याकडे, आणि निद्रेवर विजय मिळविलेल्या चौघांकडे रात्रीचे जागरण. काळ प्रतिकूल असेल तर ही संख्या कमी करण्यास मुभा आहे. परंतु दोनाच्या खाली नाही. निर्यापक एकटाच असेल तर त्याचीही हानी होते, क्षपकाचीही होते आणि धर्माचीही होते, असे कारण तेथे दिले आहे. एकटा सेवक आहारासाठी गेला तर रुग्ण निराधार होतो आणि न गेला तर तो स्वतः ढासळतो. एकविसाव्या शतकात संशोधकांनी आकड्यांनी सिद्ध केलेले तत्त्व प्राचीन आचार्यांनी अनुभवाने जाणले होते.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी दोन येथे आठवल्यावाचून राहत नाहीत: अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शक्तीपेक्षा अधिक भार लादणे आणि वेळेवर खाऊपिऊ न देणे. मुक्या जनावरांच्या बाबतीत हे अतिचार पुष्कळांना पाठ असतात. परंतु सलग दुसरी पाळी करणारी, डबा न उघडताच घरी परत नेणारी परिचारिकाही अतिभाराखालीच असते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळी करणाऱ्या परिचारिकांकडून चूक होण्याची शक्यता तिप्पट आढळली. प्रमादातून घडलेली प्राणहानी म्हणजे हिंसा, हे जैन शासनाचे सूत्र. मात्र थकव्यातून आलेला प्रमाद कोणाचा? कर्म कृत, कारित व अनुमोदित असे तिन्ही प्रकारे बांधले जाते, हे मानणाऱ्या समाजाने चुकलेल्या हाताबरोबरच तो हात थकविणाऱ्या व्यवस्थेकडेही पाहिले पाहिजे.

पुरेसे हात मिळाले तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अमानुष अत्याचार झाला आणि २०१५ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्या बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण सेवा खंडित झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. ही सेवा एका व्यक्तीने केली नाही. अनेकींनी वाटून केली, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

व्यवस्थेच्या पातळीवरचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याचे आहे. तेथे २०१६ पासून निवडक सार्वजनिक रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे व रात्री सात रुग्णांमागे किमान एक परिचारिका असावी, असा नियम लागू झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार रुग्णांचे मुक्काम व पुन्हा दाखल होणे कमी झाल्याने वाचलेला खर्च, वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. खर्चाची अडचण सांगणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

समाजातील अनेक दानशूरांच्या औदार्यातून दवाखाने व रुग्णालये उभी राहिली आहेत. औषधदान हे चार दानांपैकी एक. ते समाजाने मनापासून जपले. आता त्या दानाची कक्षा वाढविण्याची वेळ आली आहे. नव्या यंत्रावर वा इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते. रात्रपाळीच्या दुसऱ्या परिचारिकेच्या वेतनावर कोरता येत नाही. तरीही रुग्णाचा जीव अनेकदा तिच्याच हाती असतो. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली होती. विश्वस्तांच्या वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावेत: रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? तिला जेवणासाठी निर्वेध अर्धा तास मिळतो का? गेल्या वर्षी किती जणी काम सोडून गेल्या आणि का?

कुटुंबांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णाजवळ एका वेळी एकानेच थांबावे, औषधांच्या वेळी प्रश्नांचा भडिमार करू नये, शंका लिहून ठेवून एकदाच विचाराव्यात. भरविणे, पाय चेपणे, धीर देणे यांत नातेवाइकांनी हातभार लावावा. मात्र तो परिचारिकेला विचारून. 'अहो सिस्टर' या हाकेत हुकूम नसावा, आदर असावा. घरी वृद्धांच्या सेवेसाठी ठेवलेल्या मावशींनाही आठवड्याची सुट्टी, वेळेवर जेवण व रात्रीची झोप मिळते की नाही, हे घरच्या कर्त्यांनी पाहावे. तेथेही दोनाच्या खाली न जाण्याचा निर्यापकांचा नियम लागू होतो. दुसरा हात घरातल्या माणसाचा असावा.

पर्युषणात व दशलक्षण पर्वात तपस्व्यांची साता विचारण्याची प्रथा आहे. रुग्णालयात आभ्यंतर तप करणाऱ्या या हातांचीही कोणीतरी साता विचारावी. आणि ती शब्दांपुरती राहू नये. पाळीच्या तक्त्यावर आणखी एक नाव लिहूनच तिचे उत्तर देता येईल.